दोन मेडिकलच्या जागा हातात असताना : ठरवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक कोरी वही घ्या आणि तारखा लिहून काढा. कॉलेजांची तुलना नंतर. गोव्यातल्या मुलाला ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेनंतर दोन दारं असतात. एक पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं, राज्याच्या कोट्यातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला नेणारं. दुसरं दिल्लीच्या एमसीसीचं (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी), म्हणजे सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्याचं, जिथून मुंबई मिळू शकते, कोल्हापूर मिळू शकतं. बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजसारख्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागाही एमसीसीच भरते. या दोन दारांची वेळापत्रकं वेगळी आणि एकमेकांसाठी थांबणारी नाहीत. म्हणून वहीत दोन रकाने करा आणि जागावाटपाच्या प्रत्येक फेरीची यादी कधी लागणार, हजर कधीपर्यंत व्हायचं, जागा कधीपर्यंत सोडता येते, हे समोरासमोर लिहा. विचार करायला नेमके किती दिवस आहेत ते तेव्हाच कळतं.

त्याच वहीत फेऱ्यांचे नियम उतरवा, तेही यंदाच्या माहितीपत्रकातून. गेल्या वर्षी कुणाच्या मुलाने काय केलं त्यावरून नाही. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून जागा मिळूनही हजर झाला नाहीत तर अनामत बुडते. अपग्रेडला (पुढच्या फेरीत पसंतीक्रमातलं वरचं कॉलेज मागायला) हो म्हटलं आणि ते मिळालं, की आधीची जागा आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे पसंतीक्रम भरताना खाली असलेल्या कॉलेजपेक्षा वरचं आपल्याला खरोखरच जास्त हवं आहे ना, हे प्रत्येक ओळीला विचारा. मोठ्या शहराचं नाव वर टाकून ठेवू, मिळालं तर बघू, असं करणाऱ्यांना मिळतंच, आणि मग घरात रात्रभर कुणी झोपत नाही.

आता निवडीचा गाभा. मी बांबोळीत शिकले, आज डिचोली तालुक्यात प्रॅक्टिस करते, आणि दर पावसाळ्यात ओळखीची कुणी ना कुणी मुलं जागावाटपाची दोन पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. कॉलेज किती जुनं, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. बांबोळीची परंपरा 1842 सालच्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते, मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं, परळचं जीएस कॉलेज आणि त्याचं केईएम रुग्णालय 1926 चं, शेजारच्या सिंधुदुर्गातलं ओरोसचं सरकारी कॉलेज 2021 साली सुरू झालं. हे सन अभिमानाचे आहेत, पण तुमचं शिक्षण आज त्या वॉर्डात काय चालतं त्यावर ठरणार आहे. मी त्यांना एवढंच विचारते, की पेशंटच्या अंगाला तुझा हात कुठे लवकर आणि जास्त वेळा लागेल?

याचं उत्तर वेबसाइटवर मिळत नाही. दोन्ही ठिकाणी जाऊन या, आणि रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी जा. ओपीडीच्या केसपेपरच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहा. किती माणसं येतात, कुठून येतात, काय घेऊन येतात ते बघा. बांबोळीत पेडण्याची आजी, काणकोणचा माडावरून पडलेला माणूस आणि दोडामार्ग-सावंतवाडीहून ॲम्ब्युलन्समधून आलेली बाळंतीण एकाच सकाळी दिसतात. परळला गर्दी कितीतरी मोठी, दुर्मीळ आजारही जास्त, आणि टाटा रुग्णालय रस्त्यापलीकडे. पण तिथे एका बेडभोवती उभी राहणारी मुलंही जास्त, रेसिडेंट (तिथेच पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर) ही जास्त. पेशंट भरपूर म्हणजे शिकायला भरपूर, असं सरळ गणित नसतं.

म्हणून भेटायचं ते इंटर्नना, म्हणजे अभ्यास संपवून रुग्णालयात शेवटचं वर्ष काम करणाऱ्यांना. पहिल्या वर्षाची मुलं हॉस्टेल आणि मेसबद्दल सांगतील, तेवढीच त्यांची माहिती. इंटर्नला सरळ विचारा, ‘ताई, परवाच्या नाइट ड्युटीत तुम्ही स्वतः काय काय केलंत?’ सलाइनसाठी शिरेत कॅन्युला लावली, टाके घातले, बाळंतपण स्वतः केलं आणि सिनियर शेजारी उभी होती, असं उत्तर आलं तर ते कॉलेज शिकवतं. रक्ताचे नमुने पोचवले, रिपोर्ट आणले, ट्रॉली ढकलली, एवढंच ऐकू आलं तर वहीत तेही लिहा. साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतरचं ते एक वर्ष तुम्हाला डॉक्टर करतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, की वॉर्डातल्या क्लिनिकला सर रोज येतात का, एका बॅचमध्ये किती जण असतात, डिसेक्शनच्या एका टेबलाभोवती किती उभे राहतात. नव्या कॉलेजला जात असाल तर आणखी एक विचारा, की तिथे पीजी (एमबीबीएसनंतरचं शिक्षण) करणारे रेसिडेंट आहेत का. रेसिडेंट नसले तर हाताला काम लवकर मिळतं, पण रात्री दोन वाजता अडलं तर शिकवणारं कुणी जवळ नसतं. दोन्ही बाजू आहेत, तुमचा स्वभाव बघून ठरवा.

भाषेचा मुद्दा आईबाबा सोडून देतात, मी सोडत नाही. हिस्ट्री घेणं, म्हणजे पेशंटला त्याच्या दुखण्याबद्दल विचारणं, हे डॉक्टरकीतलं निम्मं काम, आणि ते पेशंटच्या बोलीत होतं. आपल्या घरात मराठी वाचली जाते आणि कोंकणी बोलली जाते, त्यामुळे बांबोळीत पहिल्या दिवसापासून म्हातारी माणसं तुमच्याशी मोकळी बोलतात. कॉलेजच्या मांदूरच्या ग्रामीण आरोग्य केंद्रावर पोस्टिंग लागली की मग तर फारच. मुंबईत मराठी आणि हिंदीवर चालतं, कोल्हापुरात मराठीवर. बेळगावात कन्नड शिकावंच लागेल. शिकता येतं, पण मनाची तयारी आधीपासून हवी.

पुढच्या शिक्षणाचा हिशोब आत्ताच करा, कारण इथे नियम बदलले आहेत. पीजीच्या प्रवेशात राहण्याच्या पत्त्यावरून आरक्षण देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना मर्यादित प्राधान्य मात्र चालतं. म्हणजे ‘एमबीबीएस बाहेर करतो आणि पीजीला गोमंतकीय म्हणून परत येतो’ हा घरोघरचा आराखडा आता तसाच धरून चालता येत नाही. गोव्यातच राहून काम करायचं मनात पक्कं असेल, तर माझ्या मते बांबोळीचं पारडं इथे जड होतं. ज्याला गोव्याबाहेर राहायचंच आहे, त्याने या मुद्द्यावर फार अडून बसू नये.

पैशाचं कोष्टक एकट्या फीचं करू नका. पाचही वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च एकाखाली एक मांडा आणि इंटर्नशिपचं विद्यावेतन प्रत्यक्षात किती हातात येतं ते इंटर्नलाच विचारा. मग बाँड. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा करावी लागते, नाही केली तर दंड 10 लाख रुपये. अखिल भारतीय कोट्यातून गेलात तरी तो लागू होतो. सेवा वाईट नाही, खूप शिकवते, पण सही करण्याआधी बाबांनी आणि मुलाने दोघांनी तो कागद वाचावा. कर्ज लागणार असेल तर बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करा.

कागदांची फाइल निर्णयाची वाट न पाहता आजच लावा. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, वाटपाचं पत्र, ओळखपत्र, अर्जावर लावला तोच फोटो, गोवा बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र, मामलेदार कार्यालयाचा रहिवासी दाखला. ओबीसी असाल तर नीट लक्ष द्या : एमसीसीला केंद्राच्या यादीतला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला तिथे चालत नाही. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, असं बऱ्याच घरांत असतं. असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स काढा आणि स्कॅन फोनमध्ये ठेवा, कारण मूळ कागद एका कॉलेजात जमा झाले की सहज परत मिळत नाहीत. फेऱ्या लांबल्या तर मध्येच चवथ (गणेशचतुर्थी) येते. त्या दिवसांत बँका आणि कार्यालयं बंद, म्हणून डीडी लागणार असेल तर आधी काढा.

घरापासूनचं अंतरही लिहा, फक्त त्याला पहिला नंबर देऊ नका. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, तेव्हा मुंबईहून दर पंधरवड्याला घरी येणं जमणार नाही. चवथीला यायचं तर रेल्वेचं आरक्षण खुलं होईल त्याच सकाळी तिकीट काढावं लागतं. मुलगा किंवा मुलगी एकटी राहिली की कशी असते, आजारी पडल्यावर सांगते की लपवते, हे आईला ठाऊक असतं. तो विषय पाहुण्यांसमोर नको, तिघांनीच बसून बोला.

ठरलं, की कॉलेजात जाऊन प्रवेश झाल्याचं पोर्टलवरून निघालेलं पत्र हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. नुसती फीची पावती म्हणजे प्रवेश नाही. आणि दुसरीकडे आधी प्रवेश घेतला असेल तर ती जागा मुदतीच्या आत, रीतसर सोडा. एमसीसीची जागा असेल तर राजीनाम्याचं पत्र कॉलेजने पोर्टलवरूनच काढून द्यावं लागतं, साध्या कागदावर लिहून दिलेलं धरत नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. तुम्ही सोडलेली जागा वेळेत मोकळी झाली, तरच ती पुढच्या फेरीत कुणाला तरी मिळते.