मक्याचं बियाणं फसवं निघालं? दोष देण्याआधी या चुका टाळा

सिल्लोड, कन्नड, भोकरदन पट्ट्यात मका गुडघ्याला लागला की तक्रारी सुरू होतात: झाडं खालीवर दिसतात, बुंध्याला फुटवे आलेत, बियाणं बोगस आहे. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा नाही.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे संकरित मक्याची कणसं राखून पुढच्या वर्षी तेच बी पेरणं. पिशवीतलं बी पहिल्या पिढीचं असतं. प्रत्येक झाडात दोन्ही पालक वाणांच्या जनुकांची सारखीच जोडी, म्हणून शेत एकसारखं दिसतं. पुढच्या पिढीत या जोड्या फुटतात. मग एक झाड उंच, शेजारचं बुटकं, तुरे मागेपुढे, कणसं लहानमोठी. इथे युरिया ओतून काहीच साधत नाही. घरचं बी धरायचंच असेल तर संकरित नसलेला, सुधारित वाण घ्या.

फुटवे दिसले की भेसळीची शंका घेणं ही दुसरी चूक. मक्याचा रानटी पूर्वज, मेक्सिकोतला टिओसिंटे, झुडपासारखा फुटतो. सुमारे ९००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी निवड करत करत त्याचा मका केला. त्यात टीबी-१ या जनुकाचा जोर वाढला. हे जनुक बाजूचे डोळे दाबून ठेवतं, म्हणून मक्याला एकच ताठ धाट. तरीही झाडं विरळ असली आणि नत्र भरपूर मिळालं की काही वाण फुटतातच. फुटव्याच्या तुऱ्यात दाणे भरलेले दिसले तरी घाबरू नका, आणि फुटवे मोडण्यात मजुरी घालवू नका.

दाट पेरणी करून उंची वाढली म्हणून खूश होणारेही आहेत! शेजारच्या पानांची सावली ओळखून झाड उजेडासाठी उंच होतं, धाट बारीक राहतं, वारा आला की लोळतं. बरीच झाडं कणीसच धरत नाहीत. ६० बाय २० सेंटीमीटर अंतर धरलं तर एकरी साधारण ३३ हजार झाडं बसतात, तेवढी पुरेत.

कणीस सोलून ओळी मोजा: १२, १४, १६, जवळजवळ नेहमी समच. ओळी किती, हे बरंचसं वाण ठरवतो. ओळीत दाणे किती, हे मात्र केस फुटताना मिळालेल्या पाण्यावर. शेंडा रिकामा राहिला तर आधी त्या आठवड्यातला पावसाचा खंड आठवा.

एवढं तपासूनही शंका उरली तर पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी जपून ठेवा. पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. मका सोंगल्यावर पंचनामा करायचा कशाचा?