घरावर जप्ती आली आणि सोबत कुत्रं-मांजर आहे: भाड्याचं घर कसं शोधाल

गृहकर्ज थकून घर लिलावाच्या वाटेला लागलं की दोन चुका हमखास होतात. काही जण पहिल्याच नोटिशीला घाबरून मिळेल त्या घरात शिरतात आणि मग कळतं की तिथे प्राणी चालत नाहीत. काही जण शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, आणि उरलेल्या आठ दिवसांत कुत्र्यासकट घर काही मिळत नाही. प्राणी दुसऱ्याला देऊन टाकायची पाळी यायला पैशाइतकंच हे वेळेचं गणितही कारण असतं.

म्हणून आधी तारीख पक्की करा. थकबाकी भरण्याची मुदत, लिलावाचा दिवस आणि ताबा सोडण्याचा दिवस या तीन वेगळ्या तारखा आहेत. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे वकिलाला किंवा मोफत कायदा सल्ला केंद्राला थेट विचारा: मला या घरात कायदेशीरपणे कोणत्या दिवसापर्यंत राहता येईल? कर्ज देणाऱ्या संस्थेशीही बोला. घर स्वच्छ करून, रिकामं करून वेळेत ताब्यात दिलं तर काही संस्था मुदत वाढवतात किंवा सामान हलवायचा खर्च देतात. असं ठरलं तर ते लेखी घ्या. शोध मात्र ताब्याच्या तारखेच्या आठ-दहा आठवडे आधी सुरू व्हायला हवा.

घरं बघायला निघण्यापूर्वी प्राण्याची कागदपत्रं जमवा. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला, गोचीड-पिसवांच्या औषधाच्या तारखा, परवाना लागत असेल तर तो, आणि मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली बारीक चिप) असेल तर तिचा क्रमांक (तो बहुधा 15 आकडी असतो). चिपच्या नोंदणीत जुना पत्ता आणि जुना फोन तसाच राहतो, तो आत्ताच बदलून घ्या. घर बदलतानाच प्राणी पळतात. रेबीजची लस राहिली असेल तर लगेच टोचून घ्या. पहिल्या डोसचा परिणाम धरायला साधारण 21 दिवस लागतात, आणि कालची तारीख असलेलं कार्ड बघून घरमालकाचा विश्वास बसत नाही.

या कागदांवर एक पान जोडा: फोटो, वय, वजन, स्वभाव, दिवसाचा क्रम, घरात कोणी नसताना प्राणी कुठे असतो, पशुवैद्याचा आणि एका शेजाऱ्याचा संपर्क. शेजाऱ्याकडून चार ओळी लिहून घेता आल्या तर फारच चांगलं, कारण भुंकण्याचा त्रास झाला असता तर तो त्यालाच झाला असता.

घरमालकाला तीन गोष्टींची भीती असते: वास, ओरखडे आणि आवाज. तुमच्या प्राण्याची खरी स्थिती तुम्हाला आधी कळायला हवी. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तासभर घराबाहेर जा. एकटेपणा सहन न होणारं कुत्रं बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच रडायला लागतं. तसं आढळलं तर एक मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं असा बाहेर राहण्याचा वेळ हळूहळू वाढवायला लागा. याला काही आठवडे लागतात, नव्या घरात गेल्यावर सुरू केलं तर उशीर होतो.

वासाचं मूळ मुताच्या डागात असतं. साबणाने डाग जातो, पण युरिक अ‍ॅसिडचे खडे तळाशी चिकटून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारतात. अमोनियावाला क्लीनर वापरू नका, त्याचा वास प्राण्याला मुतासारखाच येतो आणि तो तिथेच पुन्हा मुततो. ब्लीच तर मुतावर अजिबात ओतू नका, विषारी वाफा निघतात. एन्झाइमचं (मुतातले घटक तोडणारं) क्लीनर घ्या, डागाच्या कडेबाहेरपर्यंत ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, मग टिपून घ्या. लगेच पुसून टाकणं, ही नेहमीची चूक.

कर्जाची गोष्ट लपवू नका. घरमालक पतअहवाल (तुमच्या कर्जफेडीची नोंद) बघणार असेल तर त्याआधी तुम्हीच सांगा: हप्ते का थकले, आता उत्पन्न किती आहे, भाडं त्यातून कसं निघेल. सोबत अलीकडच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं विवरण आणि जमल्यास हमीदार. भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत बसलं तर बोलणी सोपी जातात. जास्त अनामत देऊ करता येते, पण कित्येक ठिकाणी कायद्याने तिला मर्यादा असते, आणि हाताशी असलेली सगळी रोकड तिथे अडकवली तर सामान हलवायला आणि पशुवैद्याला काही उरत नाही.

मोठ्या संकुलांचे नियम ठरलेले असतात, प्राण्याच्या वजनाला मर्यादा असते. स्वतःचं एखादं घर भाड्याने देणारा मालक मात्र प्राण्याला भेटून मत बदलू शकतो. भेटीआधी कुत्र्याला लांब फिरवून आणा.

परवानगी तोंडी घेऊ नका. ‘पाळीव प्राणी चालतील’ एवढं करारात पुरत नाही. प्राण्याचं नाव, जात, रंग, वजन लिहा. प्राण्यासाठीची रक्कम परत मिळणारी आहे की नाही, तेही लिहून घ्या. सोसायटीचे नियम वेगळे पाहा, मालक हो म्हणाला तरी अडवणूक तिथून होऊ शकते. आणि मालकाचं स्वतःचं कर्ज थकलेलं नाही ना, हेही विचारा. नाहीतर पुन्हा तीच नोटीस दारात. चाव्या घेताना दाराच्या चौकटी, जमीन आणि खिडकीच्या जाळ्यांचे तारखेसह फोटो काढा. आधीच्या भाडेकरूच्या मांजराचे ओरखडे तुमच्या अनामतीतून कापले जाऊ शकतात.

तारीख गाठताच येत नसेल तर नातलगाकडे किंवा प्राणिसंस्थेकडे तात्पुरती सोय करा, मात्र कागद करा: किती दिवस, खाणं आणि औषधाचा खर्च कोणाचा, प्राण्याची मालकी तुमचीच. रिकाम्या घरात प्राणी मागे ठेवून जाऊ नका, एका रात्रीसाठीसुद्धा. ताबा कधी घेतला जाईल आणि दार कधी उघडेल, ते तुमच्या हातात नसतं.

मांजराला नव्या घरात आधी एकाच खोलीत ठेवा, तिथेच मातीचा ट्रे, पाणी आणि तुमची न धुतलेली चादर. ते चादरीवर पसरून झोपायला लागलं की मग दार उघडा.