इमारतीत कॅरमची लीग कशी उभी करावी

मुंबईतल्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला शेजार वेगळा जोडावा लागत नसे. दार दिवसभर उघडे असे आणि सामाईक व्हरांड्यात कुठेतरी कॅरमचा बोर्ड मांडलेला असे. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी अशाच ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. परळ-लालबागच्या अनेक चाळींतली माणसे तर त्याआधीच उंच इमारतींत राहायला गेली आहेत, आणि आमची चाळही त्यांतलीच एक. नवे घर मोठे आहे, स्वच्छ आहे, आणि ते मिळाल्याचा आनंद खरा आहे. परंतु गॅलरी गेली आणि तिच्याबरोबर संध्याकाळचा बोर्डही गेला. तो परत मांडायचा असेल तर आता त्यासाठी ठरवून व्यवस्था करावी लागते. आमच्या इमारतीत गेली काही वर्षे आम्ही ती करत आहोत आणि त्या अनुभवातून जे उपयोगी ठरले ते येथे सांगत आहे.

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा भरवू नये. आम्ही पहिल्या वर्षी १६ जोड्यांची तशी स्पर्धा ठेवली. पहिल्याच रात्री ८ जोड्या हरून घरी गेल्या, आणि त्यांत नेमकी नव्याने राहायला आलेली, कोणाशी फारशी ओळख नसलेली माणसे होती. अंतिम सामना पाहायला मोजकीच माणसे उरली. हरलेल्या माणसाने पुढच्या शनिवारी पुन्हा यावे, असे वाटत असेल तर त्याचा पुढच्या शनिवारचा सामना आधीच ठरलेला असला पाहिजे. लीग हवी ती याचसाठी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. जोड्या कायमच्या ठरवू नयेत. कायमच्या जोड्या ठेवल्या की भाऊ भावाबरोबर आणि जुना मित्र जुन्या मित्राबरोबर नाव नोंदवतो, आणि सात आठवड्यांनंतरही प्रत्येक जण आपल्याच माणसाला ओळखत राहतो. ८ खेळाडू, २ बोर्ड आणि ७ शनिवार एवढ्यात असे वेळापत्रक बसते की, प्रत्येक खेळाडू उरलेल्या सातही जणांचा एकेकदा जोडीदार होतो आणि त्या प्रत्येकाविरुद्ध बरोबर दोनदा खेळतो. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला १ ते ८ यांपैकी एक क्रमांक द्यावा. पहिल्या शनिवारी पहिल्या बोर्डवर ८ आणि ७ यांची जोडी ४ आणि ५ यांच्याविरुद्ध बसेल, तर दुसऱ्या बोर्डवर १ आणि ३ यांची जोडी २ आणि ६ यांच्याविरुद्ध बसेल. पुढच्या प्रत्येक शनिवारी ८ हा क्रमांक तसाच ठेवून बाकीच्या सर्व आकड्यांत एक मिळवावा आणि ७ च्या पुढे पुन्हा १ घ्यावा. म्हणजे दुसऱ्या शनिवारी ८-१ विरुद्ध ५-६ आणि २-४ विरुद्ध ३-७ असे सामने होतील, तिसऱ्या शनिवारी ८-२ विरुद्ध ६-७ आणि ३-५ विरुद्ध ४-१. सात आठवड्यांचा तक्ता पहिल्याच दिवशी लिफ्टजवळच्या फलकावर लावावा. माणसे येता-जाता तो वाचतात आणि ज्याच्याशी कधी बोलणे झाले नाही अशा शेजाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी पाहून त्याचा मजला विचारून घेतात. निम्मे काम तेथेच होते.

गुण प्रत्येकाच्या वैयक्तिक नावावर लिहावेत. जोडीने २५ गुण केले तर दोघांच्या खात्यात पंचवीस-पंचवीस, आणि समोरच्यांनी १४ केले तर त्या दोघांना चौदा-चौदा. सात शनिवार मिळून जास्तीत जास्त १७५ गुण होतात. या पद्धतीमुळे हरणाऱ्या जोडीलाही शेवटच्या बोर्डपर्यंत (बोर्ड म्हणजे येथे सोंगट्यांचा एक डाव) एकेक सोंगटी मोलाची वाटते, आणि चांगला खेळणारा माणूस कच्च्या जोडीदाराला मनापासून शिकवतो, कारण त्या रात्री दोघांचे गुण एकच असतात.

खेळाडू जास्त असतील तर आठ-आठांचे दोन गट करावेत. साडेसात वाजता एक गट खेळेल तेव्हा दुसऱ्या गटातले दोघे पंच आणि दोघे गुणलेखक होतील, आणि साडेआठला त्यांची अदलाबदल होईल. २५ गुण किंवा ८ बोर्ड, यांपैकी जे आधी होईल तेथे गेम संपवावा. आमच्याकडे एका गेमला पाऊण तास ते एक तास लागतो. दहाच्या आत खोली बंद करता येते, आणि सोसायटीच्या समितीकडून परवानगी घेताना अर्जात ही वेळ लिहिली तर ती सहज मिळते. स्टँडच्या पायांखाली रबराचे तुकडे घालावेत, म्हणजे खालच्या मजल्यावर आवाज जात नाही.

नियम मात्र छापून लावावेत. मुंबईत प्रत्येक चाळीचा कॅरम वेगळा असतो: कोणाकडे राणी पाच गुणांची, कोणाकडे तीनची. नियम तोंडी ठेवले तर वाद खेळाचा राहत नाही, तो माणसांचा होतो. अधिकृत नियमांनुसार राणीचे ३ गुण असतात; ती कव्हर करणाऱ्याने, म्हणजे राणीपाठोपाठ लगेच आपली सोंगटी घेणाऱ्याने, बोर्डही जिंकला तरच ते मिळतात, आणि खेळाडूचे २२ गुण झाल्यावर ते मोजले जात नाहीत. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलेला असावा. तो रेषेच्या टोकाच्या वर्तुळात ठेवायचा तर वर्तुळ पूर्ण झाकावे, नाहीतर त्याला मुळीच स्पर्श होऊ नये. जोडीदार समोरासमोर बसतात. बोर्ड चालू असताना जोडीदाराने सल्ला देऊ नये, हा नियम आम्ही अत्यंत कडकपणे पाळतो. चुकलेल्या फटक्यावर सर्वांसमोर बोल ऐकावा लागलेला नवखा माणूस पुन्हा येत नाही. सांगायचे असेल ते बोर्ड संपल्यावर, सोंगट्या लावताना सांगावे.

सामान चांगले घ्यावे, पण एकदाच घ्यावे. खेळाचा चौरस २९ इंचांचा असलेले दोन बोर्ड, १५ ग्रॅमपर्यंतचे स्ट्रायकर, प्रत्येकी १९ सोंगट्यांचे दोन संच आणि बोर्डच्या मधोमध प्रकाश पडेल असा झाकण असलेला दिवा, एवढे पुरते. पावसाळ्यात मुंबईची हवा लाकडाला वाकवते, म्हणून बोर्ड भिंतीला टेकवून न ठेवता कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावेत. वर्गणी सर्वांना झेपेल एवढीच असावी आणि तिचा हिशेब त्याच फलकावर लावावा. पैसे लावून एकही बोर्ड खेळू देऊ नये. रोख बक्षीसही नको, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत सातही शनिवारी चहा आणि वडापाव होतो, आणि सामना संपल्यावर माणसे अर्धा तास थांबतात ती त्या चहासाठी.

वेळ निवडताना गणेशोत्सव आणि त्याआधीचे मंडळाच्या कामाचे दिवस टाळावेत. तुळशीचे लग्न झाल्यावर सुरुवात केली तर मुलांच्या वार्षिक परीक्षांच्या बऱ्याच आधी सात शनिवार पूर्ण होतात. आठवी-नववीतली मुले, गृहिणी आणि निवृत्त माणसे एकाच गटात घ्यावीत. कॅरममध्ये वय आणि ताकद यांना फारसे महत्त्व नाही, म्हणून तर हा खेळ यासाठी निवडायचा. एखादे मूल फार पुढे जाऊ लागले तर त्याला जिल्हा संघटनेच्या स्पर्धांपर्यंत नेण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. मुंबईच्याच प्रशांत मोरे यांनी या खेळात विश्वविजेतेपद मिळवले आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

गैरहजेरीचा नियम मी शेवटी लिहीत असलो तरी पहिल्या बैठकीतच तो ठरवावा. येता येणार नसेल तर सहापर्यंत कळवायचे, म्हणजे राखीव खेळाडूला बोलावता येते. न कळवता कोणी आले नाही, तर त्याच्या बोर्डवरच्या तिघांपैकी दोघांनी त्याच्या घरी जायचे. जाब विचारायला नव्हे, नुसते पाहायला. आमच्या अकराव्या मजल्यावर एकटे राहणारे एक काका असेच एका शनिवारी आले नाहीत. वर गेलेल्या दोघांना ते तापाने फणफणलेले आढळले. त्यांनी टॅक्सी न शोधता खालच्या मजल्यावरच्या मुलाची गाडी काढायला लावली आणि काकांना रुग्णालयात नेले. पुढचे आठ दिवस त्यांच्या डब्याचा क्रम लीगच्या तक्त्यावरूनच लागला: ज्या शनिवारी जो त्यांचा जोडीदार, त्या क्रमाने.

सगळेच इतके सरळ घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. छतातून पाणी गळण्यावरून दोन वर्षे एकमेकांशी न बोलणारे वरचे आणि खालचे शेजारी आमच्या तक्त्यात पाचव्या शनिवारी जोडीदार निघाले. क्रमांक बदलून द्यावा, अशी विनंती दोघांनीही वेगवेगळी केली आणि आम्ही ती मानली नाही. एकदा बदल केला की तक्ता मोडतो आणि मग प्रत्येक जण आपल्या सोयीचा जोडीदार मागतो. त्या रात्री ते दोघे एक शब्दही बोलले नाहीत, मात्र एकाने राणी काढून कव्हर केली, दुसऱ्याने शेवटची सोंगटी घेतली आणि दोघांनी गेम जिंकला. मैत्री झाली, असे मी म्हणणार नाही. सोमवारी सकाळी वरचे गृहस्थ प्लंबरला घेऊन खाली गेले.

आठव्या शनिवारी सामने ठेवू नयेत. त्या दिवशी निकाल वाचावा, एकत्र जेवावे आणि जेवणाआधीच पुढच्या फेरीची नावे घेऊन नव्या चिठ्ठ्या टाकाव्यात. जेवणानंतर माणसे पांगतात आणि यादी अर्धी राहते.