कूलर बसला की गेटवरचा कॅमेरा का रुसतो?

मार्चअखेर आमच्याकडे खिडकीत कूलर बसतो आणि गेटवरचा कॅमेरा 'ऑफलाइन' दाखवायला लागतो. पहिल्या वर्षी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, दुसऱ्या वर्षी राउटरला. दोघांचाही दोष नव्हता. राउटर हॉलमध्ये, कॅमेरा बाहेर आणि बरोबर मधे लोखंडी पत्र्याची पेटी, टाकीभर पाणी, ओल्या खसच्या ताट्या. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. आता नागपुरात मे महिन्यात कूलर काढा म्हणणाऱ्याला कोण घरात घेईल? म्हणून राउटर हलवायचा.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारचं अ‍ॅप टाका आणि अडणाऱ्या उपकरणाला खेटून उभे राहा. सिग्नलचा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० झकास, उणे ६५-७० चालून जातं, उणे ८० म्हणजे कटकट ठरलेली. टाकी भरलेली असताना मोजा, नाहीतर फसाल.

मग राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटावरून काढा. केबलवाल्याने जिथे वायर सोडली तिथेच तो ठेवला पाहिजे असं काही नाही. मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, लांब लॅन केबल आणली आणि राउटर दाराजवळच्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर नेला. कॅमेऱ्यापाशी उणे ८३ होतं, ते उणे ६८ झालं. खर्च फक्त केबलचा.

वायफायचे मुख्य दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्मार्ट प्लग, बल्ब बहुतेक २.४ वरच चालतात. जोडणी होत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ ला वेगळी नावं द्या. फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर २.४ साठी चॅनल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा निवडा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे फेकणारी डबी, घेणारच असाल तर सिग्नल मेलेल्या कोपऱ्यात लावू नका. जो सिग्नल त्यालाच मिळत नाही, तो पुढे काय देणार? मधल्या वाटेवर लावा.

झिगबी, म्हणजे स्मार्ट उपकरणांची वायफायहून वेगळी बिनतारी जोडणी, हिचं गणित वेगळं. तिथे विजेवर चालणारे झिगबी प्लग आणि बहुतेक बल्ब निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर नाही. त्यामुळे दूरच्या सेन्सरच्या वाटेत एक झिगबी प्लग पुरतो, पण त्याचं बटण कायम चालू हवं. आमच्याकडे आई झोपताना पाहिजे-नको ती सगळी बटणं बंद करते, "कायले जळू देतो रे रातभर?" म्हणून. बटण बंद, साखळी तुटली, मागच्या दाराचा सेन्सर गायब. शेवटी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. झिगबी हबची काडी (पेनड्राइव्हसारखी दिसणारी) कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचली असेल तर तीही काढा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ वरच पडतो. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावली की फरक कळतो.

पाऊस लागून कूलर गच्चीवर गेला की आकडे पुन्हा घ्या. तोवर शेजाऱ्याने नवा राउटर आणलेला असतो.