इतिहास-भूगोलाच्या तासाला डिजिटल साधने: सुरुवात कशी करावी

सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या शिक्षकाची डिजिटल साधनांशी ओळख बहुधा एखाद्या प्रशिक्षणात होते. तेथे एका दिवसात इतकी ॲप दाखवली जातात की दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल टाकल्यावर त्यांतले नेमके कोणते, कोणत्या पाठाला वापरायचे, हे सुचत नाही आणि तास नेहमीप्रमाणे खडू-फळ्यावर होतो. यात शिक्षकाचा दोष नाही. क्रम उलटा असतो. आधी साधन शिकून मग त्याला पाठ शोधण्यापेक्षा, पुस्तक आणि फळा अपुरे पडतात असा पाठ आधी शोधावा आणि त्या पाठापुरतेच साधन शिकावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शाळांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणेही शक्यतो इथलीच घेतली आहेत.

१. पाठ निवडावा

वार्षिक नियोजन समोर घेऊन प्रत्येक सत्रातील दोन पाठांवर पेन्सिलने खूण करावी. त्याहून अधिक पाठ पहिल्या वर्षी घेऊ नयेत. निवडीची कसोटी सोपी आहे: या पाठात विद्यार्थ्याने स्वतः काही पाहून, मोजून किंवा विचारून शोधावे असे काही आहे का? पुस्तकातील चित्र पडद्यावर मोठे करून दाखवणे हा डिजिटल साधनाचा वापर म्हणता येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपने उघडून तेथील साहित्य आधी घरी पूर्ण पाहावे. जो व्हिडिओ पाठ नुसता वाचून दाखवतो तो बिनदिक्कत सोडून द्यावा, कारण ते काम शिक्षक अधिक चांगले करतो.

२. वर्गातील सामग्री तपासावी

प्रोजेक्टर किंवा टीव्ही, लॅपटॉप किंवा मोबाइल, जोडणारी केबल आणि आवाजासाठी स्पीकर एवढे पुरते. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल लागते आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआयचे छिद्र असते, म्हणून एक कन्व्हर्टर कपाटात असू द्यावा. सर्व जोडणी आदल्या दिवशी, त्याच वर्गात, त्याच प्लगवर करून पाहावी. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात रेंजचा भरवसा नसतो आणि सपाटीवरच्या गावांत विजेचा नसतो. त्यामुळे व्हिडिओ, नकाशे आणि छायाचित्रे आधीच डाउनलोड करून ठेवावीत, आणि वीज गेली तर तोच पाठ पुढे नेता येईल असे छापील चित्र किंवा फळ्यावरची आकृती तयार ठेवावी. मोबाइल पडद्याला जोडण्यापूर्वी सूचना बंद कराव्यात, नाहीतर तापीच्या खोऱ्यावर अचानक सोयरिकीच्या ग्रुपमधला निरोप झळकतो आणि उरलेला तास त्यातच जातो.

३. नकाशापासून सुरुवात करावी

भूगोलासाठी सर्वांत आधी शिकण्याजोगे साधन म्हणजे संगणकावरचे ‘गूगल अर्थ प्रो’. ते मोफत आहे, आणि त्यातील उंचीचा आडवा छेद काढण्याची सोय प्राकृतिक रचनेच्या पाठाला जे देते ते भिंतीवरचा नकाशा देऊ शकत नाही. कृती अशी आहे. वरच्या पट्टीतील ‘ॲड पाथ’ हे चिन्ह दाबावे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरावर पहिला बिंदू द्यावा आणि गिरणा व तापी ओलांडून चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्यात दुसरा बिंदू द्यावा. रेषेला नाव देऊन ती जतन करावी, डावीकडच्या यादीत त्या नावावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ निवडावे. पडद्याच्या खालच्या भागात संपूर्ण खोऱ्याचा छेद उमटतो.

आता शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावे. छेदात दक्षिणेच्या डोंगरापासून तापीपर्यंत लांबच लांब उतार दिसतो. तापीच्या उत्तरेस मात्र थोडेसे मैदान संपते न संपते तोच सातपुडा उभा राहतो. नदी खोऱ्याच्या मधोमध नसून उत्तरेच्या अंगाला सरकलेली आहे, हे विद्यार्थी स्वतः सांगतात. मग प्रश्न विचारावा: तापीला दक्षिणेकडून मिळणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा या नद्या लांब आणि उत्तरेकडून येणाऱ्या अनेर, गोमाई या आखूड का? उत्तर पडद्यावरच असते. येथून खचदरीच्या, म्हणजे दोन भेगांमधला भूभाग खचून झालेल्या दरीच्या, संकल्पनेकडे जाणे अवघड नाही.

एक सावधगिरी मात्र येथेच शिकवावी. हा छेद उंची ताणून दाखवतो, कारण उभ्या अक्षावर मीटर असतात आणि आडव्या अक्षावर किलोमीटर. सातपुडा भिंतीसारखा सरळ दिसतो म्हणून तो तसा आहे असे मुलांनी समजू नये, यासाठी दोन्ही अक्षांवरचे आकडे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. प्रमाण या विषयावर वेगळा तास घेण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहते.

याच प्रोग्राममध्ये घड्याळाचे चिन्ह दाबले की त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रे दिसतात, आणि ‘गूगल अर्थ टाइमलॅप्स’मध्ये १९८४ पासूनचा बदल चलचित्रासारखा पाहता येतो. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर मणिबेलीच्या परिसरात नर्मदेचे पात्र सरदार सरोवराच्या पाण्याने कसे रुंदावत गेले, हे असे पाहिल्यावर धरणाचे फायदे-तोटे हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. ज्या शाळांत विस्थापित कुटुंबांतील मुले आहेत तेथे तर तो फार जपून, त्यांना बोलायचे असेल तरच बोलू देऊन घ्यावा.

भारताची सीमा दाखवताना परदेशी संकेतस्थळांवरील नकाशे वापरू नयेत, कारण त्यांत सीमा अनेकदा वेगळी दाखवलेली असते. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचेच नकाशे घ्यावेत. या विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे पीडीएफ स्वरूपात मिळतात. आपल्या तालुक्याचा नकाशा छापून घ्यावा आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) शिकवताना गावाशेजारची टेकडी त्यात शोधायला लावावी. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळही याच कामाचे आहे.

४. आकडे मुलांच्या हातात द्यावेत

लोकसंख्येचा पाठ रुक्ष होतो, कारण आकडे तयार मिळतात. ते ‘एक्सेल’ किंवा ‘गूगल शीट्स’मध्ये मुलांनी स्वतः भरले तर चित्र बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७, धुळ्याची २०,५०,८६२ आणि नंदुरबारची १६,४८,२९५ होती. त्याच जनगणनेत क्षेत्रफळे अनुक्रमे ११,७६५, ७,१९५ आणि ५,९५५ चौरस किलोमीटर धरली आहेत. पहिल्या रकान्यात जिल्हा, दुसऱ्यात लोकसंख्या, तिसऱ्यात क्षेत्रफळ लिहावे. चौथ्या रकान्यात बरोबरचे चिन्ह टाकून लोकसंख्येचा चौकोन, भागाकाराची तिरकी रेघ आणि क्षेत्रफळाचा चौकोन द्यावा, आणि चौकोनाचा उजवा खालचा कोपरा धरून सूत्र खाली ओढावे. घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला माणसे, अनुक्रमे सुमारे ३६०, २८५ आणि २७७ येते. आकडे भरताना कीबोर्ड इंग्रजी अंकांवर ठेवावा. देवनागरी अंकांना हा प्रोग्राम मजकूर समजू शकतो आणि मग सूत्र चालत नाही.

यानंतर विचारावे की तिन्ही जिल्ह्यांची मिळून घनता किती. बहुतेक विद्यार्थी तीन घनतांची सरासरी काढतात आणि उत्तर ३०७ येते. एकूण लोकसंख्या ७९,२९,०७४ ला एकूण क्षेत्रफळ २४,९१५ ने भागले तर ते ३१८ येते. दोन उत्तरे वेगळी का, यावर वर्गाला वाद घालू द्यावा. मोठ्या जिल्ह्याचे वजन सरासरीत हरवते, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी सांगेल, आणि गणिताच्या शिक्षकांनाही त्याचा आनंद होईल. आलेख मात्र शेवटी काढावा. रंगीत स्तंभ आधी दाखवले तर मुले आकड्यांकडे बघत नाहीत.

५. मोबाइलवर आवाज नोंदवावा

मौखिक इतिहासासाठी मोबाइलमधील ध्वनिमुद्रक पुरेसा आहे. विषय असा निवडावा की ज्याचे साक्षीदार गावात आहेत. १९७२ चा दुष्काळ हा त्या दृष्टीने उत्तम. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, मिलो ज्वारी (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (दुष्काळात वाटलेले पौष्टिक खाद्य) हे शब्द आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात येतात, आणि याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला हा धागा नागरिकशास्त्राला जोडता येतो.

मुलाखतीपूर्वी प्रश्न वर्गात लिहून घ्यावेत. ‘दुष्काळाविषयी सांगा’ असा प्रश्न नसावा. ‘आबा, तुम्ही कोणत्या कामावर होतात, मजुरी कशात मिळायची, रस्त्याने किती चालावे लागायचे?’ असा असावा. मोबाइल विमान-मोडवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि ‘हे शाळेसाठी नोंदवत आहोत, चालेल ना?’ ही विचारणा व तिचे उत्तर नोंदवावे. बोलणारी व्यक्ती अहिराणी, भिली, पावरी किंवा मावची बोलत असेल तर तिला प्रमाण मराठीत बोलण्याचा आग्रह करू नये. मजकूर आधी ऐकल्याप्रमाणे त्याच बोलीत हाताने उतरवावा आणि नंतर शेजारी मराठी लिहावे, कारण मोबाइलचे बोलून टंकलेखन या बोलींची पार मोडतोड करते. हे काम ज्या विद्यार्थ्याच्या घरी ती बोली बोलली जाते त्याच्याकडे सोपवावे. एरवी मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा त्या दिवशी वर्गाचा जाणकार ठरतो.

आठवणीतले साल चुकू शकते. म्हणून आबांनी सांगितलेला पाझर तलाव उपग्रहचित्रात शोधावा, आणि ग्रामपंचायतीत त्या कामाची नोंद असल्यास पाहावी. एका पुराव्याला दुसऱ्याचा आधार लागतो, ही इतिहासलेखनातील गोष्ट दहावीच्या वर्गाला येथे प्रत्यक्ष करता येते. मुलांची छायाचित्रे आणि आवाज सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. वर्गाबाहेर वापरायचे असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी.

६. नागरिकशास्त्रासाठी आपलीच ग्रामपंचायत

‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की त्या गावाचा विकास आराखडा आणि जमा-खर्च पाहता येतो. स्थानिक शासनाच्या पाठाला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. तरीही गावाचा खर्च वर्गात मांडण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) कल्पना द्यावी. शक्य असल्यास त्यांनाच वर्गात बोलवावे. हिशेब तपासणे हे ग्रामसभेचे काम आहे, आणि मुलांनी ते कसे वाचायचे एवढेच शिकायचे आहे, ही मर्यादा शिक्षकाने पाळली तर गावात गैरसमज होत नाहीत.

७. चाचणी आणि टंकलेखन

‘गूगल फॉर्म्स’वर दहा गुणांची चाचणी तयार करणे सोपे आहे. अडचण येते ती जुन्या प्रश्नपत्रिकांची. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधील मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की अगम्य अक्षरे उमटतात, कारण ते फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणक-मोबाइलवर सारखीच अक्षरे दाखवणाऱ्या पद्धतीत, नाहीत. यापुढचे प्रत्येक टाचण युनिकोडमध्येच लिहावे. जुना मजकूर रूपांतरकातून काढला तरी जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. घरी मोबाइल नसलेल्या मुलांसाठी तीच चाचणी छापील स्वरूपात द्यावी, आणि ती कोणाला दिली हे वर्गात जाहीर करू नये.

८. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा उपयोग प्रश्न सुचवण्यासाठी आणि अवघड उतारा सोपा करण्यासाठी करावा. घटना, तारखा आणि नावे यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. स्थानिक इतिहासात ही साधने अधिक चुकतात आणि चूक अत्यंत आत्मविश्वासाने सांगतात. आठवी-नववीच्या वर्गात याचाच पाठ करता येतो: ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, किंवा डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, यांविषयी साधनाकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा. त्याची छापील प्रत गटांना वाटावी आणि पुस्तक, मराठी विश्वकोश व शासनाचे गॅझेटियर यांच्याशी वाक्यावाक्याने पडताळायला लावावी. बरोबर निघालेल्या वाक्याखाली हिरवी आणि आधार न सापडलेल्या वाक्याखाली लाल रेघ मारावी. लाल रेघांची वाक्ये चुकीचीच असतील असे नाही, त्यांना आधार मिळालेला नाही एवढेच, हा फरक गटांकडून वदवून घ्यावा.

९. नोंद ठेवावी

प्रत्येक डिजिटल तासानंतर टाचणवहीत तीन ओळी लिहाव्यात: जोडणीला किती वेळ गेला, मुलांनी कोणता अनपेक्षित प्रश्न विचारला, आणि पुढच्या वर्षी यातले काय गाळायचे. फायलींना इयत्ता, पाठ आणि वर्ष अशी नावे देऊन त्या पेनड्राइव्हवर आणि ई-मेलच्या खात्यात अशा दोन्ही ठिकाणी ठेवाव्यात. बदली झाली तर एक प्रत शाळेत, येणाऱ्या शिक्षकासाठी सोडावी.