विद्यापीठाच्या आवारातला पालापाचोळा आवारातच कसा जिरवावा

गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार सुमारे 411 एकरांचे आहे. अशा झाडीच्या आवारात माघ-फाल्गुनापासून पानगळ सुरू झाली की रस्ते, पटांगणे आणि वसतिगृहांच्या पायऱ्या रोज पाल्याने भरून जातात. हा पाला पेटवणे बेकायदा आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि 5,000 चौरस मीटरहून मोठ्या संस्थांनी ओला, म्हणजे कुजणारा, कचरा शक्यतो स्वतःच्या जागेतच जिरवावा, असे बंधन घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये भरपाईची रक्कम ठरवली. नियम नसते तरीही हे काम करण्याजोगे आहे, कारण झाडाने जमिनीतून घेतलेले अन्न पानांवाटे त्याच जमिनीत परत जाणे हा झाडाचा हक्क आहे.

सुरुवात यंत्रखरेदीपासून करू नये. आधी उद्यान विभाग आणि सफाई कामगार यांच्याबरोबर बसून, झाडण्याचे कंत्राट कशावर मोजले जाते ते पाहावे. बाहेर नेलेल्या ट्रॉलीच्या फेऱ्यांवर पैसे मिळत असतील, तर पाला आवारात ठेवण्यात कोणाचेच हित राहत नाही. म्हणून पुढच्या निविदेत पाला जवळच्या ढिगापर्यंत पोचवणे आणि ढीग सांभाळणे या कामांचा मोबदला स्पष्ट लिहून घ्यावा. खराटा मारतानाच पाल्यातून वेफरची पाकिटे आणि गुटख्याच्या पुड्या वेगळ्या करण्यासाठी प्रत्येक कामगाराला दुसरे पोते द्यावे, कारण एकदा ढिगात गेलेले प्लास्टिक नंतर वेचणे फार जिकिरीचे होते.

एकच मोठा डोंगर रचण्याऐवजी आवारभर लहान ढीग करावेत. जागा सावलीची, नळाजवळची, पावसाचे पाणी न साचणारी आणि वाळलेल्या गवतापासून दूर असावी. सुमारे तेरा फूट लांब आणि चार फूट उंच कोंबडजाळी गोल वळवून तारेने बांधली, की चार फूट व्यासाचा पिंजरा तयार होतो. त्यात फूटभर पाला घालून तो पायाने दाबावा, त्यावर बादलीभर शेणकाला शिंपडावा, दोन घमेली माती पसरावी आणि असेच थर देत वरपर्यंत जावे. वाळक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते, त्यामुळे शेणाविना तो वर्षभर तसाच पडून राहतो. शेण मिळत नसेल, तर मेसच्या स्वयंपाकघरातील भाज्यांची साले आणि देठ चालतात; तीन घमेली पाल्याला एक घमेले हे प्रमाण ठेवावे. शिजलेले, तेल-मिठाचे उरलेले अन्न मात्र यात घालू नये. त्याने उंदीर येतात. त्याची जागा बायोगॅस संयंत्रात आहे.

ओलावा हाच या कामाचा प्राण आहे. ढिगाच्या पोटातील मूठभर पाला घट्ट पिळून पाहावा: बोटांमधून एखादा थेंब डोकावला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, आणि हात कोरडा राहिला तर पाणी हवे. लोखंडी सळई दहा मिनिटे आत खुपसून बाहेर काढल्यावर तिचे टोक हाताला चांगले गरम लागले, तर आतले जिवाणू कामाला लागले आहेत असे समजावे. दहा-बारा दिवसांनी सकाळी पहिल्यांदा ढीग उलटताना त्यातून वाफ निघते आणि पानांवर राखेसारखी पांढरी भुकटी दिसते. नवख्या माणसाला ती कीड वाटते, पण तेही पाला कुजवणारे सूक्ष्म जीवच असतात. त्यानंतर दर पंधरवड्याला फावड्याने कडेचा पाला मध्ये आणि मधला कडेला करावा. आंबूस वास आला, तर ओल जास्त झाली आहे. कोरडा पाला मिसळून ढीग मोकळा करावा.

गुलमोहराची बारीक पर्णिका लवकर कुजते, तर वड आणि आंब्याचे चिवट पान सहा महिनेही घेते. म्हणून अशी चिवट पाने आधी श्रेडरमधून, म्हणजे पाला बारीक करणाऱ्या यंत्रातून, काढावीत किंवा त्यांचा वेगळा ढीग करावा. सगळाच पाला ढिगात नेण्याची गरज नाही. झाडाखाली तीन-चार इंच जाडीचे आच्छादन करून ठेवल्यास उन्हाळ्यात जमिनीची ओल टिकते. मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी.

खत काळसर, भुसभुशीत आणि पावसाळी मातीच्या वासाचे झाले की चाळून घ्यावे. चाळणीवर राहिलेली अर्धवट कुजलेली पाने फेकू नयेत. पुढच्या ढिगाला तेच विरजण म्हणून घालावे.