भाव ठरवायच्या ग्रुपवर गप्प बसू नका, तेच अंगाशी येतं

स्पर्धा कायदा, म्हणजे धंदेवाल्यांनी आपसात भाव ठरवणं, टेंडरं वाटून घेणं याला बंदी घालणारा कायदा, म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं हे सिमेंट कंपन्या, गुगल असल्या मोठ्या लोकांचं झेंगट, आपलं काय. पण पुणे महापालिकेची कचरा प्रक्रिया प्रकल्पांची टेंडरं 2014-15 मध्ये निघाली होती, त्यात एकमेकांसाठी डमी टेंडरं भरली म्हणून 2018 मध्ये सीसीआयने, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने, काही फर्मना दंड केला आणि फर्म चालवणाऱ्या माणसांनाही केला, आणि यात कोणी टाटा-बिर्ला नव्हते बरं का.

त्यामुळे पहिलं काम, "तीन कोटेशन लागतात, तुझं एक दे ना, पुढच्या वेळी मी देतो" याला सरळ नाही म्हणा. एकाच कॉम्प्युटरवरून अपलोड केलेली टेंडरं, एकाच खात्यातून काढलेले डीडी, तपासात हे सगळं बाहेर येतं.

दुसरं म्हणजे असोसिएशन, आणि खरी गडबड इथेच होते. मीटिंगला जाऊ नका असं मी म्हणत नाही, जीएसटी, लायसन्स, सरकारला निवेदन, यावर खुशाल बोला. पण अजेंडा आधी मागवा आणि "एक तारखेपासून सगळ्यांनी दहा टक्के वाढवायचे", "तू तुझा एरिया सांभाळ मी माझा", "अमक्याला माल द्यायचा नाही" असं काही सुरू झालं की तिथेच विरोध करा, तो मिनिट्समध्ये लिहायला लावा आणि उठा. मी काहीच बोललो नाही साहेब, हा बचाव फार टिकत नाही. गोव्यातल्या केमिस्ट असोसिएशनवर 2012 मध्ये सीसीआयचा आदेश आला तो असल्याच गोष्टींवरून होता, असोसिएशनच्या एनओसीशिवाय नवीन स्टॉकिस्ट नेमायचा नाही वगैरे.

व्हॉट्सअॅपवरही तेच. "माझे रेट मी ठरवतो, ही चर्चा मला नको" एवढं टाका, स्क्रीनशॉट ठेवा आणि ग्रुप सोडा. जुने मेसेज डिलीट मात्र करू नका, चौकशी लागली तर पुरावा नष्ट केला असं दिसतं.

मग भाव वाढवायचेच नाहीत का? वाढवा की! शेजाऱ्याचा बोर्ड बघून वाढवले तरी चालतं, फक्त त्याच्याशी बोलून नाही. मी क्लायंटना सांगतो की भाव बदलला की कच्च्या मालाचं बिल आणि दोन ओळींचं कारण त्याच दिवशी फाइलला लावा, उद्या कोणी विचारलं तर तारखेसकट उत्तर तयार असतं.

डीलर असतील तर "एवढ्याच्या वर डिस्काउंट दिला तर दंड" असली पत्रं काढू नका, यावरूनच 2021 मध्ये मारुतीला सीसीआयने 200 कोटींचा दंड लावला होता, नंतर ते अपिलात गेलं.

आणि आधीच फसला असाल तर? कार्टेलचा, म्हणजे स्पर्धकांनी असं आपसात ठरवून धंदा करण्याचा, दंड जितकी वर्षं चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जे जास्त ते, एवढा जाऊ शकतो. पण स्वतःहून सीसीआयकडे जाऊन सगळं सांगणाऱ्या पहिल्याला 100 टक्क्यांपर्यंत माफी मिळू शकते, दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 30 पर्यंत. म्हणजे नंबराला किंमत आहे, म्हणून वकिलाला फोन आज रात्रीच करा, आणि पार्टनर सोडून कोणाला सांगू नका, नाहीतर ज्याला सांगाल तोच तुमच्या आधी जाऊन नंबर लावेल.